लाल लाकडाची पेटी परदेशी पाठवायची असेल, तर आधी बिल पाहा

नमस्कार. आपण लिहिले आहे की वडिलांच्या गुरुजींच्या अमृतमहोत्सवासाठी मानपत्र आणि चांदीचे तबक मावेल अशी पेटी आपल्याला आफ्रिकन पडौक या लाल लाकडात करायची आहे; फळ्या नागपूरच्या लाकूडबाजारातून, लकडगंजातून, घेऊन झाल्या आहेत, गुरुजी आता मुलीकडे कॅनडात असतात आणि डिसेंबरातला समारंभही तिकडेच आहे. कोपऱ्यांना सांधा कोणता घालावा आणि लाल रंग टिकवणारे पॉलिश कोणते, हे आपले दोन प्रश्न. त्यांच्याकडे मी येतोच. पण आपण ओघात एक वाक्य लिहून गेला आहात, की दुकानदाराने बिलावर नुसते ‘इंपोर्टेड लाल हार्डवुड’ एवढेच लिहिले आहे. ते वाचून मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण माझ्या बिलावरही जवळजवळ हेच शब्द होते.

आमच्या मंडळाच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा सत्कार त्यांच्या मुलाच्या गावी, परदेशात, व्हायचा होता आणि त्यासाठी मी याच लाकडाची पेटी तयार केली होती. पाठवणीसाठी ती घेऊन गेलो, तेव्हा खिडकीमागच्या माणसाने झाकण उघडून पाहिले, आतल्या कडेवरून बोट फिरवले, बोटाला लागलेली लाल भुकटी उजेडात धरली आणि विचारले, ‘‘रक्तचंदन आहे का हे?’’

ही शंका खुळी नव्हती, हे मी आजही मान्य करतो. रक्तचंदन आणि पडौक ही एकाच कुळातली, टेरोकार्पस या प्रजातीगटातली झाडे आहेत. आपल्या विदर्भाच्या जंगलातला बिजा, ज्याच्या लाकडी पेल्यात ठेवलेले पाणी निळसर दिसू लागते, तोही त्याच गटातला. रक्तचंदन आंध्रच्या दक्षिणेकडील डोंगरांत वाढते, त्याची तस्करी फार होते आणि साइट्स या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच देशाबाहेर पाठवता येणाऱ्या जातींच्या यादीत, ते १९९५ पासून आहे. तेव्हा लाल लाकूड दिसले की तपासणाऱ्याने थांबावे, हे योग्यच आहे. माझी तक्रार आहे ती त्यानंतर जे झाले त्याबद्दल. शंका कोणत्या कागदाने फिटेल, हे सांगायला त्या कार्यालयात कोणीही तयार नव्हते.

मला दुसऱ्या टेबलाकडे पाठवण्यात आले, तिथून दुसऱ्या इमारतीत. तिथे मागणी झाली ती झाड कोणत्या जंगलात तोडले त्याच्या वाहतूक परवान्याची आणि लाकडावरच्या हातोड्याच्या शिक्क्याची. कॅमेरून किंवा गॅबनच्या जंगलातून फळ्या होऊन आलेल्या लाकडावर आपल्या वनखात्याचा हातोडा कुठून येणार? मी म्हटले, ‘‘साहेब, जे हवे ते लेखी द्या, मी आणून देतो.’’ उत्तर आले, ‘‘तोंडी सांगितलं ना, लेखी कशाला पाहिजे?’’ शेवटी मी त्याच फळीचा एक तुकडा आणि पाण्याने भरलेले स्टीलचे पातेले त्यांच्या टेबलावर ठेवले. रक्तचंदन इतके जड की पाण्यात बुडते. पडौकचे वजन घनमीटरला साधारण ७५० किलो, म्हणजे ते तरंगते. माझा तुकडा तरंगला. त्या गृहस्थांनी तो बोटाने खाली दाबला, तो पुन्हा वर आला, आणि ते म्हणाले, ‘‘हे मला दिसतंय हो, पण रेकॉर्डवर काय घेऊ?’’ त्यांचेही बरोबर होते. रेकॉर्डवर घेण्याजोगे माझ्याजवळ होते ते ‘लाल हार्डवुड’ लिहिलेले बिल. पण हेच वाक्य पहिल्या दिवशी पहिल्याच खिडकीवर कोणी बोलले असते, तर मी वखारीत जाऊन नाव घातलेले बिल आणि आयातीच्या कागदाची प्रत आणली असती. ते कोणी बोलले नाही. ऐन पावसाळ्यात पेटी टिनाच्या शेडमध्ये पडून राहिली आणि समारंभ तिच्याविनाच पार पडला. पेटी परत आली तेव्हा झाकण फुगून घट्ट बसले होते आणि आतल्या मखमलीवर बुरशीचे ठिपके आले होते. ज्यांच्यासाठी ती केली होती, त्यांच्या हातात ती कधीच पडली नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून आपल्याला कळकळीने सांगतो की करवत लावण्याआधी वखारीत परत जा आणि बिल बदलून घ्या. त्यावर व्यापारी नाव आणि शास्त्रीय नाव (टेरोकार्पस सोयॉक्सी), मूळ देश आणि फळ्यांचे माप असू द्या. दुकानदाराने माल ज्याच्याकडून घेतला, त्या आयातदाराच्या बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्सकडे भरलेल्या आयातीच्या कागदाची, प्रतही मागा. लकडगंजात सरळ व्यवहार करणारे व्यापारी पुष्कळ आहेत आणि मागितले तर ते देतात. जो टाळाटाळ करील, त्याच्याकडचे लाकूड कितीही देखणे असले तरी परत करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फळी अखंड असताना तिचे बिलासह छायाचित्र काढून ठेवा आणि तिचाच एक हातभर तुकडा न रंगवता जपून ठेवा.

नियमांबद्दल लिहितो ते एका हौशी माणसाचे वाचन समजा. मी वकील नाही की निर्यातदारही नाही आणि नियम बदलत असतात. आफ्रिकेतल्या सर्व टेरोकार्पस जाती २०२२ च्या पनामा परिषदेत साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात घातल्या गेल्या आणि हे २०२३ पासून लागू झाले. त्या नोंदीला जोडलेल्या टिपेत ओंडके, कापीव लाकूड, व्हेनिअर (लाकडाचे पातळ पापुद्रे), प्लायवूड आणि पुढे घडवलेले लाकूड यांचा उल्लेख आहे. माझ्या समजुतीप्रमाणे तयार पेटी त्यात बसत नाही, पण माझी समजूत खिडकीवर चालणार नाही. आपण आत्ताच, वैशाखात, संबंधित कार्यालयाला अर्ज करा, सोबत बिलाची प्रत जोडा, आवक क्रमांकासह पोच घ्या आणि उत्तर लेखीच मागा. कॅनडात माल उतरवून घेण्याचे नियम वेगळे असू शकतात. ते गुरुजींच्या मुलीने तिकडे विचारून ठेवलेले बरे. अर्जाच्या उत्तराला कितीही वेळ लागला, तरी तो पेटी हातात घेऊन उभे असताना जाण्यापेक्षा आत्ता गेलेला परवडतो.

कोणी सुचवील की मग शिसवाची करा, ते आपल्याच देशातले आहे. शिसवाचा जवळजवळ सगळा डाल्बर्जिया गट २०१७ पासून त्याच परिशिष्टात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका पाठवणीत १० किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सूट मिळाली, पण तीसुद्धा खिडकीवर समजावून सांगावी लागेल ती आपल्यालाच. कागद जमलेच नाहीत, तर मी सागाकडे वळेन. चंद्रपूर-गडचिरोलीचा सीपी टीक, म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या नावाने ओळखला जाणारा साग, जगभर नावाजलेला आहे, अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून तोच गेला, आणि सरकारी आगारातून निघालेल्या मालाचा माग कागदावर लावता येतो. नागपूरच्या माणसाने गुरूला द्यायच्या भेटीत आपल्याकडचे लाकूड असण्यात कमीपणा कसला, हे मला खरोखर कळत नाही.

आता लाकडाकडे वळतो. आपला मुक्काम नागपूरचा आणि पेटीचा मुक्काम कॅनडाचा, ही सगळी गोष्ट ओलाव्याची आहे. आपल्याकडे मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, आणि ऑगस्टमध्ये तेच लाकूड पंधराच्या आसपास जाऊ पाहते. कॅनडातली घरे हिवाळ्यात आतून तापवलेली असतात, म्हणजे तिथली खोली आपल्या मेइतकीच कोरडी. पावसाळ्यात जुळवलेली पेटी डिसेंबरात तिथे उघडली, की ती आकसणारच. पडौक तसे स्वभावाने शांत लाकूड आहे, तरीही २०० मिलिमीटर रुंदीची सपाट चिरलेली फळी १२ टक्क्यांवरून ६ वर आली, तर सुमारे २ मिलिमीटरने कमी होते. चारही बाजूंनी सरसाने जखडलेल्या तळाला एवढे आकसायला जागा मिळाली नाही, तर तो तडकतो आणि मग सुतार म्हणतो की माल खराब होता.

तेव्हा फळ्यांची टोके मेणाने किंवा पातळ फेविकॉलने बंद करा, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून त्या रचून ठेवा आणि काम मृगाच्या आत संपवा. दुकानदार ‘भट्टीत वाळवलेले’ म्हणाला, तरी मॉइश्चर मीटरचे दोन काटे टोचून स्वतः पाहा. आठ टक्क्यांच्या आत आकडा आला की सुरुवात करावी. आणि कूलरच्या खोलीत फळ्या चुकूनही ठेवू नका. बाहेर पंचेचाळीस अंश असताना वाळ्याच्या ताट्यांतून आत येणारी हवा आपल्याला सुखाची वाटते, पण लाकडासाठी तो आषाढच असतो. वरच्या मजल्यावरची बंद, सावलीची खोली उत्तम.

सांध्याबद्दल माझे मत असे की मानपत्राच्या पेटीला पंचेचाळीस अंशांचा माइटर शोभतो, कारण लाकडाचे रेषे कोपऱ्यावरून वळून अखंड धावताना दिसतात. चारही बाजू एकाच फळीतून ओळीने कापल्या तरच हे साधते. मात्र माइटरमध्ये टोकाला टोक चिकटते आणि ती पकड कच्ची असते, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात आडव्या खाचा पाडून पातळ पट्ट्या बसवा. हळदूच्या पिवळ्या पट्ट्या लाल अंगावर फार सुंदर दिसतात आणि हळदू आपल्याकडे मिळतो. तळ आणि झाकणाचा पाटा बाजूंच्या आतून पाडलेल्या झिरीत (लांब खाचेत) सैल ठेवा, दोन्ही बाजूंना जागा सोडा आणि सरसाचा थेंबही झिरीत जाऊ देऊ नका. पेटी आधी सहाही बाजूंनी बंद करून मग करवतीने झाकण वेगळे केले, तर रेषे तंतोतंत जुळतात. बिजागऱ्या भरीव पितळेच्या घ्या. भोके आधी लोखंडी स्क्रूने तयार करा आणि मग पितळी स्क्रू मेण लावून पिळा, नाहीतर त्यांची डोकी तुटून आत राहतात.

पॉलिशच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणार नाही. पडौकचा तो शेंदरी लाल रंग कोणत्याही पॉलिशने कायमचा टिकत नाही. उजेडाने तो तपकिरीकडे झुकतोच. अतिनील किरण अडवणारे लॅकर हा बदल फक्त लांबवते. त्याहून महत्त्वाचे हे, की पडौकचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. चपड्याचे (लाखेचे) स्पिरिट पॉलिश नेहमीच्या पद्धतीने कापडाच्या बोळ्याने घासत गेलात, तर हळदूच्या पट्ट्या गुलाबी होऊन बसतील. पहिले दोन हात अगदी पातळ फवारून द्या, वाळू द्या, आणि त्यानंतरच बोळा हातात घ्या. घासकाम करताना चांगला मास्क लावा. ही भुकटी काहींच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही.

हीच भुकटी कागदालाही डाग पाडते. म्हणून आतून सुती अस्तर हवेच, आणि मानपत्र आम्लविरहित कागदात गुंडाळून ठेवावे. लोकरीचे फेल्ट वापरू नका, त्यातल्या गंधकाने चांदीचे तबक काळे पडते.

पाठवताना बाहेरचा खोका साध्या फळ्यांचा ठोकून घेऊ नका. परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅकिंगला आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवल्याचा किंवा धुरी दिल्याचा शिक्का लागतो, आणि तो नसला तर आतली पेटी निर्दोष असूनही पार्सल अडते. प्लायवूडच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या खोक्याला ही अट नाही. पेटी प्लास्टिकमध्ये बंद करून सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि बिल, आयातीच्या कागदाची प्रत व कार्यालयाचे लेखी उत्तर हे सगळे एका पाकिटात घालून खोक्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटवा, म्हणजे तपासणाऱ्याला पेटी उघडण्याआधी ते हाताशी लागेल. त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, एक गुरुजींच्या मुलीला आधीच पाठवून द्या.