डुकरावर बाण सोडण्याआधी

अरे, टेक्सासला जाऊन रानडुकरावर बाण चालवायचाय ना? मग सराव इथे मैदानातच कर. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात धनुष्य घेऊन फिरकूही नकोस, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा मान राख.

तिकडे आधी वारा बघ. डुकराची नजर अधू, नाक मात्र भलतंच तिखट. चिमूटभर पावडर सोड. ती तुझ्या पाठीमागे गेली तरच पुढे सरक.

काळीज-फुफ्फुसं हरणापेक्षा खाली आणि पुढे असतात, पुढच्या पायाला लागूनच. मोठ्या नराच्या खांद्यावर तर चिवट कातडीची जाड ढाल असते. म्हणून तो तिरका, थोडा पाठमोरा होईपर्यंत थांबच. वीस मीटरवरून सगळे बाण वाटीएवढ्या जागेत बसत नसतील, तर सोडू नकोस. जखमी जनावर झुडपात तडफडत राहिलेलं मला बघवत नाही.