‘हिचा डावा मेंदू कमजोर आहे म्हणे’

दहावीचा निकाल लागला की माझ्या मालवणच्या समुपदेशनाच्या खोलीत बोटांच्या ठशांचे रिपोर्ट येऊ लागतात. ठशांवरून मुलाचा मेंदू कळतो, आणि गणित डाव्या मेंदूचं तर कला उजव्या मेंदूची, असा त्यांचा दावा. प्रत्येक बोट मेंदूच्या एकेका भागाचं, आणि प्रत्येक भागापुढे टक्के.

“मॅडम, चेडवाचो डावो मेंदू कमजोर आसा म्हणतत. मगे सायन्स घेवचा नाय?” रापणीवर मासेमारीला जाणारे एक बाबा विचारत होते. मुलीला सायन्सच हवं होतं, पण रिपोर्ट आल्यापासून “गणित माझं नव्हेच” असं तीच म्हणू लागली होती.

सुरुवातीच्या भेटींत ती गप्पच असायची. एकदा बाबा उठायची घाई करू लागले, तेव्हा म्हणाली, “आज पंचमी. पावणेचाराक भरती. येळ आसा अजून.”

“कसं काढलंस?”

“तिथीची पाऊणपट.”

मी एकादशी विचारली. डोळे क्षणभर मिटले, “सव्वाआठ.”

“आता हे कुठल्या मेंदूने केलंस?”

ती पहिल्यांदा हसली. बाबाही हसले. रिपोर्टची भीती तिथेच उतरली. असे क्षण मुलाला बोलतं ठेवल्यावरच हाती लागतात, हा माझा विश्वास आहे.

मेंदूत कामांची वाटणी आहे, हे खरं. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ‘टॅन’ एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला दिसला. म्हणजे बोलण्याचं काम त्या भागाशी जोडलेलं. पण भरतीची वेळ काढताना नियम आठवावा लागतो, आकडे हाताळावे लागतात, उत्तर शब्दांत आणावं लागतं. त्यासाठी दोन्ही बाजूंचे कितीतरी भाग एकत्र राबतात. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १,०११ जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले. माणसं ‘डाव्या मेंदूची’ आणि ‘उजव्या मेंदूची’ अशी विभागलेली त्यांना आढळली नाहीत. बोटांवरच्या रेषा तर आईच्या पोटातच ठरतात. त्यानंतर मूल काय शिकलं, हे त्यांना कुठून कळणार?

पालकांनो, अशा रिपोर्टवर शाखा ठरवू नका. मुलाच्या वह्या बघा, शिक्षकांना विचारा, त्याला काय करताना वेळेचं भान राहत नाही ते पाहा. अक्षरं किंवा आकडे खरोखरच सतत अडत असतील, तर मानसशास्त्रज्ञांकडून रीतसर तपासणी करून घ्या. तिथे मूल समोर बसून प्रश्न सोडवतं, तुमच्याशी आणि शाळेशीही बोलणं होतं.

त्या मुलीने अकरावी सायन्सला प्रवेश घेतला आहे. फिजिक्स जड जातंय, त्यासाठी शिकवणी लावली आहे.