'क्लिनिकल कोरिलेशन' म्हणजे हात झटकणं?

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलीची एंडोस्कोपी करून लहान आतड्याची बायोप्सी घेतली. रिपोर्टमध्ये 'सिलिअ‍ॅक आजाराशी सुसंगत, क्लिनिकल कोरिलेशन करावे' असं आहे. आजार आहे की नाही, हे पॅथॉलॉजिस्टनं सरळ का लिहू नये?

उत्तर : 'क्लिनिकल कोरिलेशन करावे', म्हणजे लक्षणं आणि बाकीच्या तपासण्यांशी ताडून पाहावं, हे वाक्य पॅथॉलॉजिस्ट म्हणून मी स्वतः शेकडो वेळा लिहिलंय, तेव्हा तुमच्या रागातला थोडा वाटा माझाही.

निरोगी लहान आतड्याचे व्हिलाय, म्हणजे आतल्या अस्तराचे बारीक उंचवटे, मायक्रोस्कोपखाली उभ्या बोटांसारखे दिसतात. सिलिअ‍ॅकमध्ये, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या आजारात, ते खुजे होतात, कधी पार सपाट. वरच्या आवरणात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी शिरतात. दर 100 आवरणपेशींमागे 25 च्या वर मोजले गेले की आम्ही खुर्चीत सावरून बसतो. पण जिआर्डिया या परजीवीच्या संसर्गात किंवा ब्लड प्रेशरच्या ओल्मेसार्टन या गोळीनंही व्हिलाय असेच झडू शकतात. नुसते लिम्फोसाइट तर हेलिकोबॅक्टर या जिवाणूमुळे, वेदनाशामक गोळ्यांमुळेही वाढतात. स्लाइडवर घाव दिसतो, घाव कुणी घातला ते दरवेळी दिसत नाही.

शिवाय तुकडा असतो दोन-तीन मिलिमीटरचा. नवखी असताना एका स्लाइडवर खुजे व्हिलाय पाहून मी लगेच निदान लिहून मोकळी झाले. सरांनी स्लाइड सरकवली आणि म्हणाले, "क्रिप्ट बघ, सगळ्या गोल कड्या दिसतायत. तिरका कापलाय." क्रिप्ट म्हणजे व्हिलायच्या बुडाशी असलेल्या नळ्या; तुकडा तिरका कापला की त्या कड्यांसारख्या दिसतात आणि व्हिलाय उगाच खुजे भासतात. मेणाचा ब्लॉक वितळवून तुकडा उभा बसवला, नव्यानं पातळ काप घेतले, तर व्हिलाय चांगले उंच! एक निरोगी माणूस त्या दिवशी माझ्या हातून जन्मभराच्या पथ्याला लागणार होता.

म्हणून मी आधी तुकडे मोजते. आजार आतड्यात ठिगळाठिगळानं असतो, त्यामुळे ड्युओडेनमच्या (लहान आतड्याची सुरुवात) दुसऱ्या भागातून किमान चार आणि सुरुवातीच्या बल्बमधून एक-दोन तुकडे हवेत. आणि तुकड्यांसोबतच्या फॉर्मवर नुसतं 'पोटदुखी' लिहून आलं की माझा दिवस खराब जातो, हेही सांगून टाकते.

तुमच्या बाबतीत खरी जोड हवी ती सिलिअ‍ॅकमध्ये रक्तात वाढणाऱ्या टीटीजी अँटीबॉडीची, सोबत एकूण आयजीए, म्हणजे ही अँटीबॉडी ज्या गटातली त्या गटाचं रक्तातलं एकूण प्रमाण. टीटीजी ठळक वाढलेली असेल, तर या रिपोर्टमधलं 'सुसंगत' डॉक्टर बहुधा 'आहे' असंच वाचतील. ती तपासणी राहिली असेल, तर मुलीचा गहू इतक्यात बंद करू नका. ग्लुटेन थांबलं की अँटीबॉडी उतरतात, आतडंही भरून येऊ लागतं, आणि मग पुन्हा बायोप्सी केली तरी माझ्यासारखीला काही सांगता येत नाही.