पळायला वेळ मिळाला असता तर?

मी समुपदेशनाचं काम करते. दिवाळी उरकली की माझ्याकडे एक ठरावीक तक्रार यायला लागते. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते. ऑफिसातलं कुणीतरी नाव नोंदवतं, सोसायटीच्या ग्रुपवर पहाटेचे घामेजलेले फोटो पडायला लागतात आणि समोर बसलेली आई किंवा बाबा मला सांगतात, "मलाही पळायचंय हो, पण नोकरी, मुलं, घर... वेळच मिळत नाही." खास यासाठी फार थोडे येतात. बहुतेक जण येतात ते झोप उडाली, चिडचिड वाढली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून, आणि बोलता बोलता हे वाक्य निघतं. ते इतक्यांदा ऐकलंय की एका भेटीची, खरं तर अनेक भेटींची, गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिला मेधा म्हणू. वय 38, राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टात. मुलगा चौथीत, मुलगी बालवाडीत. नवऱ्याची नोकरी शिफ्टची. घरी सासूबाई, गुडघ्यांनी बेजार पण मनाने खमक्या. ती माझ्यापेक्षा बरीच लहान, त्यामुळे पहिल्याच भेटीत अहो-जाहो सुटलं. आली होती ती मुलावर हात उगारला म्हणून. उगारला आणि स्वतःच हादरली.

"तुला स्वतःसाठी काय करायला आवडेल?" असं मी विचारलं तेव्हा बहुतेक बायका विचारात पडतात. हिने क्षणात उत्तर दिलं.

"पळायला."

कॉलेजात ती 1500 मीटर पळायची. विद्यापीठाच्या स्पर्धांना गेली होती. ते सांगताना ती खुर्चीत ताठ बसली. आणि लगेच पुढे, "पण आता कुठला वेळ मॅडम!"

मी तिला तिचा आठवडा कागदावर लिहून आणायला सांगितला. तिने रंगीत पेनांनी चौकोन भरून आणला. पावणेपाचला उठणं, पाणी भरणं, तीन डबे, मुलीची वेणी, मुलाची व्हॅन, मग फास्ट लोकल, एकेका बाजूला तासभराहून जास्त प्रवास. संध्याकाळी साडेसातला घर, भाजी, गृहपाठ, भांडी. माझ्यासमोर कागद ठेवताना तिच्या चेहऱ्यावर वकिलाने पुरावा ठेवावा तसा भाव होता. मी तिच्याशी अजिबात वाद घातला नाही. तो कागद खरा होता. आपल्याकडे नोकरी करणाऱ्या आईचा आठवडा असाच असतो आणि त्याला "मॅनेज कर" म्हणणं हा तिचा अपमान आहे.

पण कागदात काही फटी होत्या. मंगळवार आणि गुरुवारी नवऱ्याची दुपारची शिफ्ट, म्हणजे सकाळी तो घरी. मी बोट ठेवलं.

"अर्ध्या तासात काय पळणार?"

"रविवार सकाळ?"

"रविवारी मुलांना मी लागते."

"शनिवारी तुला अर्धा दिवस असतो."

"दुपारचं ऊन असतं."

उत्तर बरोबर की चूक याकडे माझं लक्ष नव्हतं. उत्तर किती लवकर येतंय, याकडे होतं. माझा प्रश्न पुरा होण्याआधीच ते तयार असायचं. ज्याला खरोखर वेळेची अडचण असते तो माणूस जरा थांबतो, हिशोब करतो, "मंगळवारी जमेल का बघते" म्हणतो. मेधा प्रत्येक दार उघडण्याआधी बंद करत होती. म्हणजे दारापलीकडे काहीतरी होतं, जे तिला बघायचं नव्हतं.

चौथ्या की पाचव्या भेटीत मी कागद बाजूला सारला.

"समज, वेळ मिळाला. रोज सकाळी एक तास. डबे भरलेत, मुलं झोपलीयेत, आई खूश आहेत, तुझी गाडी तासभर उशिरा सुटणार आहे. तू घरडा सर्कलच्या क्रीडासंकुलात मैदानावर उभी आहेस. आता पुढे काय होतं ते सांग."

ती हसली. "बुटाच्या नाड्या बांधते. पळायला लागते."

"मग?"

"मग..." तिचं हसू गेलं. "मग थांबते."

"किती वेळाने?"

"एक फेरी. तीही पुरी नाही. धाप लागते. आणि तिथे पोरी असतात सरावाला. मी त्यांच्यासमोर चालायला लागते." ती खिडकीकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला ते बघायचं नाहीये, मॅडम."

इतक्या वर्षांच्या कामात मला या शांततेची किंमत कळली आहे. अशा वेळी मी पाण्याचा ग्लासही पुढे करत नाही. माणूस स्वतःला पहिल्यांदा ऐकत असतो. त्यात आपण शब्द टाकले की तो सुटका झाल्यासारखा आपल्या शब्दांमागे लपतो. मी थांबले. तीच पुढे बोलली. बाळंतपणांनंतर वाढलेलं वजन, कपाटात अजून ठेवलेले जुने स्पाइक्स म्हणजे पळायचे खिळ्यांचे बूट, कॉलेजच्या मैत्रिणीने पाठवलेला मॅरेथॉनचा फोटो आणि तो बघून केलेला फोन बंद. त्याच संध्याकाळी मुलावर हात उगारला होता, हेही तिला तेव्हाच आठवलं.

"वेळ नाही" हे फार सन्मानाचं वाक्य आहे. ते बोलणाऱ्याला कुणी दोष देत नाही, उलट कौतुकच होतं. "मी पूर्वीसारखी राहिले नाही आणि मला ते सहन होत नाही" हे बोलायला जागाच नसते. मग पहिलं वाक्य दुसऱ्याचं ओझं वाहतं, वर्षानुवर्षं.

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या, म्हणजे त्रासामागची आपली धारणा तपासून बघण्याच्या, परंपरेत घडले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास ती मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणून रुजवली. तिचं सगळं सार मला एका प्रश्नात सापडतं : ही तुझी इच्छा आहे की तू घातलेली अट? पूर्वीसारखं पळता यावं ही मेधाची इच्छा सुंदर होती. ती जपायलाच हवी. पण "पूर्वीसारखं पळता आलं तरच पळेन" ही अट झाली, आणि त्या अटीने तिला दहा-बारा वर्षं मैदानापासून लांब ठेवलं. परिस्थितीला दोष देणं सोपं असतं, कारण परिस्थिती उलटून बोलत नाही. अटीला प्रश्न विचारता येतात.

मी विचारलं, "त्या पोरींसमोर तू चाललीस, तर नक्की काय होईल?"

"त्या बघतील."

"मग?"

"म्हणतील, काकू दमल्या."

"आणि खरंच दमली असशील ना?"

"हो." आणि ती हसली. त्या हसण्यानंतर आमचं काम सोपं झालं.

अपराधीपणाचा भाग उरला होता. तो जवळजवळ प्रत्येक आईकडे असतो. मुलांच्या वाट्याचा वेळ मी स्वतःसाठी कसा घेऊ? मी तिला एवढंच विचारलं, "तू पळत नाहीस तेव्हा तो अर्धा तास मुलांना मिळतो का?" तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही. फोनमध्ये जातो. नाहीतर ओटा पुसण्यात." मग मी विचारलं, घरी कोण नको म्हणालं? कुणीच नाही. तिने कधी विचारलंच नव्हतं. सगळ्यांचं उरकल्यावर काही वेळ शिल्लक राहील, तो आपला, असं ती धरून चालली होती. संसारात असा वेळ शिल्लक राहत नाही. मिळेल तेवढ्या वेळात कामं पसरतात. तो आधी मागून ठेवावा लागतो.

मागायचं कसं, हे आम्ही दोघींनी बसून ठरवलं. "मला थोडा वेळ हवाय" असं मोघम बोललं की घरचे "घे की" म्हणतात आणि काहीच बदलत नाही. वार सांगायचा, वेळ सांगायची, आणि त्या वेळात आपलं कुठलं काम कुणाकडे जाणार तेही सांगायचं. तिने जेवताना सांगितलं : मंगळवार, गुरुवार सकाळी साडेपाच ते सहा, व्हॅनपर्यंत मुलाची तयारी नवऱ्याकडे. रविवारी सात ते पावणेआठ, दोन्ही मुलं त्याच्याकडे. नवरा "बरं" म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "पाण्याचं मी बघते, पण भाजीला फोडणी तूच घालून जा, त्याच्या हातची मी खाणार नाही." मेधाला वाटत होतं तेवढा विरोध झाला नाही. माझ्या अनुभवात तो क्वचितच होतो.

क्वचितच, पण होतो. जिथे घरातून खरंच नकार येतो, जिथे आई एकटी आहे, जिथे दोन ठिकाणच्या नोकऱ्या आहेत, तिथे मी विचारांकडे बोट दाखवत नाही. तिथे आधी कामांची वाटणी बदलायला लागते, कधी कुटुंबाला समोर बसवायला लागतं. थकलेल्या माणसाला "तुझी धारणा तपास" म्हणणं क्रूर आहे.

बाबांचीही एक बाजू सांगायला हवी. ठाण्यातला एक आयटीतला तरुण बाप दर रविवारी येऊरच्या चढावर लांब पळायला जायचा. दहाला परत, मग नाश्ता, मग झोप. त्याची बायको माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "रविवार याचा आणि घर माझं." त्याने वेळ उत्तम काढला होता, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातून. त्याला मी पळणं कमी करायला सांगितलं नाही. रविवारी परत आल्यावर झोपायचं नाही, आणि शनिवारची सकाळ पूर्णपणे बायकोची, एवढंच ठरलं. बायकोने ती सकाळ नुसती झोपून काढली. तो तिचा हक्क होता.

आता प्रत्यक्ष पळण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम अशी आहे. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, ती त्यांनी काढली. पंचवीस मिनिटांचं तीनदा पळणं म्हणजे 75 मिनिटं. "अर्ध्या तासात काय होणार" याला हे उत्तर आहे. मेधाला मी हा हिशोब मांडून दाखवला तेव्हा तिने तो दोनदा तपासला.

मध्येमध्ये चालणं हे हरणं नाही. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये 10 हजार मीटर पळलेले जेफ गॅलोवे पुढे आयुष्यभर नवशिक्यांना ठरवून पळा, ठरवून चाला असंच शिकवत राहिले. मेधाने एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं यापासून सुरुवात केली. वेग असा ठेवायचा की शेजारच्याशी बोलता यावं. पूर्वी खेळलेल्यांना हे सगळ्यात अवघड जातं. त्यांच्या मनाला जुना वेग आठवतो, आणि श्वासही काही आठवड्यांत सुधारतो, पण पोटऱ्या, टाच, हाडं यांना जुळवून घ्यायला महिने लागतात. दुखापती इथेच होतात. म्हणून दोन पळण्यांमध्ये एक दिवस मोकळा ठेवायचा.

बीपी, मधुमेह, छातीत दुखणं किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर आधी डॉक्टर. अंधारात पळताना कानात काही घालू नका, उजेडाचा रस्ता निवडा, सोबत मिळाली तर घ्या. सोसायटीतली दुसरी एखादी आई बहुतेक वेळा वाटच बघत असते.

आणि एक गोष्ट जी बायका कुणालाच सांगत नाहीत. एकीच्या "वेळ नाही"च्या मागे निघालं ते हे की बाळंतपणानंतर पळताना, शिंकताना तिला थोडी लघवी गळायची. तिला वाटायचं हे आता असंच राहणार. हे फार बायकांना होतं आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने बऱ्याच जणींचं सुधारतं. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या विषयातली फिजिओथेरपिस्ट गाठा. यात लाजण्यासारखं काही नाही.

मेधाचा पहिला मंगळवार पावसाने गेला, गुरुवारी मुलीला ताप. ती माझ्याकडे आली ती "बघा, म्हटलं होतं ना" घेऊनच. तेव्हा आम्ही वाईट आठवड्याचा वेगळा नियम केला. परीक्षा, आजारपण, ऑफिसातलं हिशोबांचं क्लोजिंग, पाहुणे असले की फक्त एकदा, दहा मिनिटं, सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारल्या तरी चालतील. आठवडा कोरा जाऊ द्यायचा नाही एवढंच. पुढच्या आठवड्यात राहिलेलं भरून काढायचं नाही, कारण भरून काढण्याच्या नादात पुन्हा जुनी अट घरात शिरते. हा नियम मी नंतर अनेकांना दिला आणि तो टिकलेला पाहिला.

मैदानावर ती गेली ती महिन्याभराने, एका रविवारी. पळाली, मध्ये चालली, पुन्हा पळाली. सरावाच्या पोरींपैकी एकीने तिला विचारलं, "काकू, तुम्ही आधी पळायचात का? हात बरोबर हलवता." हे मला सांगताना मेधा खुर्चीत तशीच ताठ बसली होती, पहिल्या दिवशी बसली होती तशी, फक्त या वेळी "पण" म्हणून ती पुढे काही बोलली नाही.

मुलावरची चिडचिड पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. कमी झाली, आणि आली तर तिला ती आधी ओळखू येते. मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या दिवसांत, तिने वाईट आठवड्याचा नियम वापरला. त्याच सुमारास एका रात्री नवऱ्याने जेवताना वार, वेळ आणि कामाची वाटणी सांगून बुधवारचं बॅडमिंटन मागून घेतलं. तेव्हा आमच्या भेटी थांबवायला हरकत नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं.