आधी गप्प बसायला शिकवा

प्रश्न : माझे यजमान कोरियन आहेत. सुवोनमधल्या आमच्या चर्चने वस्तीगटांच्या प्रमुखांना तयार करायचं काम आम्हा दोघांवर सोपवलंय. अडचणीतल्या जोडप्यांना आधार कसा द्यायचा, हे त्यांना शिकवायचं. पाद्रीसाहेब म्हणतात, लग्नाविषयीची वचनं नीट शिकवा, बाकीचं आपोआप जमेल. मला धाकधूक वाटते. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सुवोन

उत्तर : ताई, रोज पहाटेच्या प्रार्थनेला हजर असणाऱ्या माणसांना वचनं तुम्ही काय शिकवणार? त्यांना जमत नाही ते गप्प बसणं, आणि नंतरही गप्प राहणं.

सोलमध्ये असताना एका सिम्बांगला, म्हणजे चर्चच्या घरभेटीला, मी गेले होते. दाराशी बुटांचे आठ जोड. पाद्री, त्यांच्या पत्नी, एक जांगनो, म्हणजे चर्चचे वडील, बाकी ग्वॉनसाबाई, म्हणजे चर्चमधल्या पदाधिकारी ज्येष्ठ बायका. त्या घरचे गृहस्थ पाद्रींसमोर मांडी घालून बसलेले, घरची बाई आत फळं कापतेय. स्तोत्र झालं, वचन झालं, प्रार्थना झाली. तिला कुणी काही विचारलं नाही. मी ताटल्या आणायला आत गेले, तर हातातल्या नाशपातीवरची नजर न काढता ती म्हणाली, ‘‘चुसोकला सासरी जाऊन आलो, तेव्हापासून हे माझ्याशी बोललेले नाहीत.’’ (चुसोक म्हणजे कोरियातला शरद ऋतूतला सुगीचा सण.)

मी शहाणीने काय करावं? प्रार्थना कराल म्हणून एका ग्वॉनसाबाईंच्या कानावर घातलं. रविवारी ते वस्तीगटाच्या ‘गिदो जेमोक’मध्ये, प्रार्थनेच्या विषयांत, वाचून दाखवलं गेलं. ती बाई परत आली नाही. म्हणून पहिला नियम हाच करा : जोडप्याने स्वतः सांगितल्याशिवाय त्यांचं नाव प्रार्थनेतसुद्धा घ्यायचं नाही. यावर कुरकूर होईल. होऊ द्या.

मग सराव. दोघं समोरासमोर, एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. वचन नाही, सल्ला नाही, ‘आमच्या वेळी’ तर नाहीच. आमच्याकडे एक जांगनो दोन मिनिटं टिकले नव्हते. दुसऱ्या खेपेला साडेतीन! आणि नवऱ्याच्या ऑफिसातला किंवा गावाकडचा वडीलधारा त्या जोडप्याकडे कधीच पाठवू नका. तिथे वयाचा आणि पदाचा मान ठेवूनच बोललं जातं. ‘नाही’ म्हणायची सोय उरत नाही. दुसऱ्या वस्तीगटातलं जोडपं पाठवा, आणि बाईशी बाईने वेगळं बोलावं.

दुरान्नो या ख्रिस्ती संस्थेची ‘वडिलांची शाळा’ 1995 पासून चालू आहे, ती तुमच्या यजमानांना ठाऊक असेलच. शेवटी नवरे बायकांचे पाय धुतात, सगळे रडतात. मला त्या रडण्यापेक्षा तिथला गृहपाठ मोलाचा वाटतो : बायको आवडण्याची वीस कारणं लिहून काढायची. सातव्या-आठव्या कारणाशी पेन थांबतं, तिथून खरं बोलणं सुरू होतं. हा गृहपाठ प्रमुखांनी आधी स्वतः करावा.

एक सत्र मात्र कायद्याचं ठेवाच. कोरियात संमतीने घटस्फोट घ्यायचा तर 2008 पासून विचारासाठी मुदत असते : अल्पवयीन मुलं असतील तर तीन महिने, नसतील तर एक. या काळात प्रमुखांना वाटतं, आता समेट घडवायचाच. पण घरात मारहाण असेल तर न्यायालय ही मुदत कमी करू शकतं किंवा माफही करू शकतं. अशा बाईला ‘थोडं सोस, प्रार्थना कर’ म्हणणारा प्रमुख मला चालणार नाही. 1366 हा महिलांसाठीचा चोवीस तासांचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असायला हवा.

मे महिन्यात सुरुवात करू नका. 5 ला बालदिन, 8 ला पालकदिन, 21 ला दांपत्यदिन. चर्च फुलं आणि कार्यक्रमांत बुडालेलं असतं. तिथला उन्हाळा संपता संपता, ऑगस्टच्या अखेरीस, पहिली तुकडी बसवा. चुसोकहून माणसं परततील, तेव्हा फोन येऊ लागतील.