हात कुठे थांबला?

ताई,
मी सोलापूरची, वय २३. बी.कॉम. झाले, एका सूत व्यापाऱ्याकडे टॅलीवर हिशेब बघते. अकरावीपासून कथा लिहिते, आतापर्यंत चौदा झाल्या. गेल्या दोन वर्षांत चार दिवाळी अंकांना कथा पाठवल्या. तिघांनी काहीच कळवलं नाही, एकाने जागेअभावी घेता येत नाही म्हणून कळवलं. एका शिबिरात एका ज्येष्ठ लेखकांनी माझी कथा दोन मिनिटं चाळली आणि 'अनुभव तोकडा आहे' म्हणाले. तेव्हापासून लिहायला बसलं की काही सुचत नाही. आमच्या घरी तेलुगू बोलतात, मराठी मी शाळेत शिकले, म्हणून भाषेचीही भीती वाटते. घरात वाचणारं कुणी नाही. आई विड्या वळते, तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकली आहे. तिला कधीकधी कथा वाचून दाखवते. एकदा ऐकताना तिचा हात थांबला होता, पण तिला त्यातलं काय कळणार. आता एक कथालेखनाचा ऑनलाइन वर्ग सुरू होतोय, सहा महिने, फी बारा हजार. तो करू, की लिहिणं सोडून बँकेच्या परीक्षांना बसू? माझ्यात काही आहे का, हे मला एकदा कुणा जाणकाराकडून कळायला हवं.
— स.

पोरी,

तुझं पत्र मी इथे कमी करून दिलंय. मूळ पत्र चांगलं साडेतीन पानांचं आहे. त्यात दीड पान त्या ज्येष्ठ लेखकांना गेलं, एक पान संपादकांना आणि उरलेलं वर्गाच्या फीला. आईच्या वाट्याला जेमतेम तीन वाक्यं आली, आणि त्यांतही 'तिला काय कळणार' एवढं लिहायला तुला जागा सापडली. ते वाचून मला राग आला. तो लपवत नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहिलेली नाही, पण तिथल्या एका घरी दोन दुपारी बसलेली आहे. त्यामुळे विडी वळणाऱ्या बाईचा हात काय असतो ते मी पाहिलंय. आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पान, पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापलेले त्याचे तुकडे, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान उचललं, चिमूट टाकली, बोटांनी वळलं, टोक मुडपलं, दोऱ्याचे वेढे दिले, की दुसरं पान. त्या बाईने तेवढ्या वेळात माझ्याशी गप्पा मारल्या, धाकट्याला दोनदा ओरडली, दारात आलेल्या भाजीवाल्याशी भाव केला, टीव्हीवरची मालिका पाहिली. हात एकदाही थांबला नाही. नजरही खाली नव्हती, बोटं आपली आपण चालली होती. तो हात थांबून चालतच नाही, कारण मजुरी हजारावर मिळते. हजार विड्या व्हायला आठ-दहा तास लागतात, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटाला एक विडी. वर सैल विडी कारखान्यात छाटून बाजूला काढतात, ती मोजणीत येत नाही. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे. त्यातल्या कुठल्याही घरात जा आणि विचार, गोष्ट ऐकता ऐकता हात थांबला असं शेवटचं कधी झालं.

तुझ्या कथेला तो थांबला. हिशेब तू रोज बघतेस, हाही एकदा मांडून बघ. तुझं वाक्य पुरतं ऐकता यावं म्हणून तुझ्या आईने स्वतःच्या मजुरीतून पैसे मोजले. तुझ्या चौदा कथांना आजवर मिळालेलं हे एकमेव मानधन आहे, आणि ते तू पावती न फाडता टाकून दिलंस.

क्यूबातल्या सिगारच्या कारखान्यांतली एक पद्धत तुला सांगते. १८६५ पासून हवानाच्या कारखान्यांत, सिगार वळणाऱ्या कामगारांना मोठ्याने वाचून दाखवायला एक वाचक बसू लागला. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. त्याचा पगार मालक देत नसत, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. कुठली कादंबरी वाचायची ते त्यांनीच ठरवायचं. वाचलेलं आवडलं की पानं कापायची सुरी ते फळीवर ठोकत. त्यातल्या कितीकांना अक्षरओळख नव्हती. पण तंबाखूच्या पानात हात गुंतलेल्या त्या माणसांना गोष्ट कळत नाही, असं त्यांच्यापुढे बसून वाचणाऱ्याने कधी म्हटलं नसेल. दूर कशाला जायचं, हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी आपल्या महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखावर भरल्या. त्या रचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या बायकांचे हात खुंट्यावर होते. कामात असलेला माणूस तुझ्या तोंडाकडे बघत नाही, तुझं मन राखत नाही. त्याचं कान देणं किंवा न देणं त्याच्या हातात दिसतं.

हे मी माझ्या सासूबाईंकडून शिकले. त्या संध्याकाळी वालाचं बिरडं सोलायला बसत आणि मी माझे कच्चे खर्डे त्यांच्यापुढे वाची. मत विचारलं तर 'छान आहे हो' म्हणत, ते ऐकायला मी थांबायचीही नाही. मी बघायची ती त्यांच्या बोटांकडे. गोष्ट सैल पडली की त्यांना गॅसवरचं दूध आठवायचं. एका कथेत नायिका गच्चीवर उभी राहून दीड पान विचार करते, असा मला फार आवडलेला भाग होता. सासूबाई त्या भागाला उठल्या. आठ दिवसांनी तीच कथा पुन्हा वाचली, पुन्हा तिथेच उठल्या. मी ते दीड पान काढलं आणि कथा उभी राहिली. उलट एका जागी त्यांनी अर्धवट सोललेला वाल ताटलीत ठेवला आणि तशाच बसल्या. ते वाक्य मी नंतर कुणालाही बदलू दिलं नाही, छापणाऱ्यालाही नाही.

आता जे मला खरं विचारायचंय ते. हात थांबला हे तू पाहिलंस. कुठल्या कथेला, कुठल्या वाक्याला, हे मात्र पत्रात नाही. आईला विचारलंस का, तेही नाही. साडेतीन पानं लिहिणारी मुलगी नेमकं तेवढंच विसरते, यावर माझा विश्वास बसत नाही. मला वाटतं तुला ते वाक्य ठाऊक आहे. आणि आईला विचारायची तुला भीती वाटते, कारण हात कौतुकानेच थांबतो असं नाही. तिला त्यात स्वतःचं काही दिसलं असेल. तिने कधी तुला सांगितलेलं आणि तू न विचारता वापरलेलं एखादं दुःख असेल. किंवा उलट, तू जे अगदी चुकीचं लिहिलंयस ते ऐकून ती थबकली असेल, 'असं नसतं गं' म्हणायचं तिच्या ओठावर आलं असेल, आणि लेक शिकलेली आहे म्हणून ती गप्प राहिली असेल. यातलं काय ते मला इथे बसून कळणार नाही. तुलाही अंदाजाने कळणार नाही. पण 'तिला काय कळणार' हे वाक्य तुला त्या प्रश्नापासून दूर ठेवायला सोयीचं पडतं, एवढं मला दिसतंय. हे तू आईला कमी लेखण्यासाठी लिहिलं नसशील. तू स्वतःला वाचवायला लिहिलंस. तरी ते लिहिलंसच.

त्यामुळे वर्ग की बँक या प्रश्नाचं उत्तर मी आज देत नाही. आज एकच काम कर. तीच कथा काढ. आई सूप घेऊन बसली की समोर बस, शेजारी नको, समोर. हातात पेन्सिल घे. कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाच, नाटकी आवाज काढू नकोस, मध्ये समजावून सांगू नकोस. एखादा मराठी शब्द तिला अडला आणि तिने विचारला, तर तेलुगूत सांग आणि त्या शब्दाखाली रेघ मार. हात मंदावला तर समासात एक टिंब, थांबला तर फुली. ती उठून गेली तर तिथेही खूण कर, रागावू नकोस. वाचून झाल्यावर 'कशी वाटली' हे विचारायचं नाही. त्याला सगळ्या आया एकच उत्तर देतात. फुलीपाशी बोट ठेवून एवढंच विचार, 'अम्मा, इथे का थांबलीस?' तू तिला जे म्हणतेस ते म्हण, आणि तेलुगूतच विचार. मग गप्प बस. ती लगेच बोलणार नाही. दोन-चार विड्या वळेल. तेवढा वेळ तुला अवघड जाईल, पण मध्ये बोलू नकोस.

ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेव, मराठी करायची घाई नको. तुझ्या भाषेच्या भीतीचंही तिथेच बघू. तेलुगूत जगणाऱ्या बाईच्या कानाला तुझं मराठी लागलं आणि तिचा हात थांबला, म्हणजे ते मराठी पोचतं. ते शुद्ध आहे की नाही, हे मुद्रितशोधक बघेल.

आणि त्यानंतर ती एक कथा पुन्हा लिही, पहिल्या ओळीपासून. बाकीच्या तेरा तूर्त बांधून ठेव.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात सांगते, कारण तू विचारल्या आहेस. त्या लेखकांनी दोन मिनिटं चाळून मत दिलं, ते दोन मिनिटांच्या किमतीचं मत आहे, आईने पुरती कथा ऐकली होती. दिवाळी अंकांची आपली परंपरा १९०९ सालच्या 'मनोरंजन'पासूनची आहे, पण न घेतलेल्या कथेला उत्तर द्यायची पद्धत आजही फार कमी ठिकाणी आहे. तीन जणांच्या गप्प बसण्यातून स्वतःविषयी काही ठरवू नकोस. अंकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, तेव्हा जूनपर्यंत कथा पोचती कर, आणि छापण्यासाठी कुणी पैसे किंवा जाहिरात मागितली तर देऊ नकोस. बँकेच्या परीक्षा खुशाल दे. नोकरी करून लिहिणाऱ्यांची मराठीत कधीच कमतरता नव्हती. बारा हजार रुपये म्हणजे आईच्या किती हजार विड्या, तो आकडा मात्र वर्गाच्या अर्जावर सही करण्याआधी एकदा कागदावर लिहून बघ. मी वर्गाच्या विरुद्ध नाही. पण त्या वर्गात पहिल्या दिवशी तुला विचारतील, वाचक कोण आहे तुझा. त्याचं उत्तर घेऊन जा.

तुझ्यात काही आहे का, हे मला विचारू नकोस. मी तुझी एकही कथा वाचलेली नाही आणि इतक्यात पाठवूही नकोस. आज वाचून दाखव. फुली कुठे पडली आणि अम्मा काय म्हणाली, तेवढं मला कळव. मी वाट बघते.

तुझी,
ताई