पुण्यात कोरल बेल्स जमिनीत लावली तर वर्षभर टिकतील का?

तुम्ही लिहिलंय की सहकारनगरला बंगल्यापुढे वाफा आहे आणि फोटोत दिसतात तशी जांभळी-केशरी पानं बारा महिने हवीत. बारा महिने विसरा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी मात्र मस्त जमतं.

कोरल बेल्स म्हणजे ह्युकेरा, मूळची उत्तर अमेरिकेतली, तिकडे बर्फात तग धरतात त्यामुळे आपली थंडी म्हणजे त्यांना काहीच नाही. सगळे एप्रिल-मेच्या उन्हाला घाबरतात आणि ऊन लागतंच, पण माझ्या मते खरा घात पावसाळा करतो. पानं जिथून फुटतात तो मधला गड्डा सारखा ओला राहिला की सडतो, वरून रोप ठीक दिसत असतं आणि एक दिवस जरा ओढलं की अख्खं हातात येतं. त्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवणारी, म्हणून वाफ्यात नकोच, कुंडीत लावा, म्हणजे जूनमध्ये उचलून पत्र्याखाली ठेवता येईल. लाल माती, गांडूळखत आणि परलाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) घ्या, कोकोपीट अगदी थोडं. गड्डा मातीत पुरायचा नाही आणि पाणी कडेने घालायचं, तेही वरची माती सुकल्यावरच. सकाळचं कोवळं ऊन चालतं, अकरानंतर सावली. पोपटी पानांच्या जाती उन्हात लवकर करपतात, गडद जांभळ्या जरा दमदार.

जात निवडायला मिळाली तर व्हिलोसा या रानटी ह्युकेराच्या वंशातली बघा, कॅरमेल किंवा सिट्रोनेल वगैरे. ती मूळ जात अमेरिकेच्या आग्नेय भागातली, तिथला उन्हाळाही दमट असतो, त्यामुळे उकाडा बाकीच्यांपेक्षा जास्त सोसते.

आणि ते ऑनलाईन रंगीबेरंगी बियाण्याचं पाकीट प्लीज घेऊ नका!! कॅरमेलसारख्या खास नाव दिलेल्या जाती टिश्यू कल्चरने (प्रयोगशाळेत रोपाच्या बारीक तुकड्यापासून) नाहीतर गड्डा फोडून वाढवतात, बियांपासून तोच रंग येईल याची खात्री नसते. आधीच मागवलं असेल तर बी मातीवर नुसतं भुरभुरा, झाकू नका, उगवायला उजेड लागतो.

वाफ्यात रंगच हवा असेल तर सरळ कोलियस लावा ना, काडी खोचली की लागतं, कुठल्याही नर्सरीत मिळतं आणि शेंडे खुडत राहिलात की छान भरतं.